दात घासायची वस्तू

आमच्या घरी सात दिवसांचं शुद्धीकरण झालं. ते यजमानांचं व्हायचं होतं. मीच तसं ठरवलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की आमच्या घरात त्यावर कोणी तोंड उघडत नाही. मी तापट आहे. लपवण्यात अर्थ नाही, अर्ध्या अर्जुनी गावाला ठाऊक आहे. बाजार ओळीत आमचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं की हे हळूच म्हणतात, "थांबा, घरून बाईले बोलावतो," आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं लुगडं घेऊन जातं.

तर झालं असं. दिवाळी उलटली होती, धान कापून झाले होते आणि आमच्या मुलीला पाचवा महिना लागला होता. एकुलती एक लेक, नागपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी विचारतसुद्धा नाही, सातव्यात जाऊन लेकीला घेऊनच यायचं असतं. मी जुनी सुती लुगडी फाडून दुपटी शिवायला बसले होते. डिंकाच्या लाडवांना कुठला डिंक घ्यायचा यावर माझं आणि शेजारच्या मोठ्या जाऊबाईंचं एकदा भांडणही झालं होतं. अशात एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. मोबाईल स्पीकरवर होता, आम्ही दोघंही ऐकत होतो.

"माय, मी साफ सांगून राह्यली," ती म्हणाली. "बाबूजीचा खर्रा सुटला तंच मी बाळंतपणाले येईन. नाई तं इथंच राहीन, सासूजवर. लहान बाळाच्या घरात तो वास मले नाई पायजे."

लोक काय म्हणतील ते नंतर पाहू, पण माझ्या लेकीला न्हाऊ कोण घालणार, शेक कोण देणार, बाळाला पायावर घेऊन कोण चोळणार? ते सगळं तिच्या सासूनं करायचं आणि मी पाहुणीसारखी पिशवीतून लाडू घेऊन जायचं? माझं डोकं तापलं, आणि ते नेहमीच्या ठिकाणी जाऊन उतरलं. "ऐकलं ना?" मी यांना म्हटलं. "तुमच्यापायी माही पोरगी येऊन नाई राह्यली."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटून घोटून केलेला. आमच्या भागात तो पाहुण्याला पाण्याच्या आधी मिळतो. यांच्या तोंडात तो लग्नाच्या आधीपासून आहे. दुकानासमोरच पानठेला, त्यामुळे उठून जायचेही कष्ट नाहीत. अशा माणसानं त्या संध्याकाळी एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोडतो." एवढंच. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी लेकीनं मोबाईलवर यादी पाठवली. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू. चहा बंद, साखर बंद, तळलेलं बंद. तंबाखू तर बंदच. दिवस मावळायला जेवण. टीव्ही नाही, मोबाईल दिवसातून एकदाच. दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं. आणि रोज संध्याकाळी मनात जे काही साचलं असेल ते कागदावर लिहून, कोणाला न दाखवता, चुलीत टाकायचं. "याले डिटॉक्स म्हणतेत, माय," तिनं समजावलं. "देहाचा कचरा अन् मनाचा कचरा. घरच्या घरी, सात दिवस. पण दोघंही करा. एकट्या माणसाच्यानं होत नाई."

मी लगेच हो म्हटलं. मला होतं काय सोडायला? मी खर्रा खात नाही. पान खाल्लं तर ते मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवशी, पाहुण्यांसोबत. सकाळी उठून गुडाखूनं दात घासते, तेवढंच.

ज्यांना गुडाखू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. छोट्या डबीत काळपट, गुळासारखी चिकट अशी ती वस्तू येते. बोटाला थोडी लावायची आणि हिरड्यांवर घोळवत बसायचं. डोकं कसं हलकं होतं. त्यात तंबाखू असते हे डबीवरच छापलेलं असतं, सोबत सडक्या तोंडाचा फोटोही असतो, पण दात घासायची वस्तू कोणी वाचून घेतं का? माझी आई घासायची. जाऊबाई घासतात. आम्ही दोघी जावा रोज सकाळी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, नळाजवळच्या दगडावर तोंडात बोट घालून बसतो आणि सगळ्या गावाचा समाचार घेतो. मग दुपारी जेवण झालं की एकदा, चार वाजता एकदा आणि झोपायच्या आधी एकदा. दात दिवसातून चारदा कोण घासतं, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात पडला नव्हता.

शुद्धीकरण सुरू झालं आणि मी ठाणेदार झाले. सकाळी यांच्या सदऱ्याचे खिसे, दुपारी दुकानाचा गल्ला, संध्याकाळी स्कूटरची डिकी. पानठेल्यावाल्याला जाऊन दम दिला की यांना पुडी दिलीस तर ठेला उचलून तलावात टाकीन. तो बिचारा म्हणाला, "काकू, ते तं दोन दिवसांपासून इकडे पाहूनच नाई राह्यले." मला ते खरं वाटलं नाही. मी यांना तोंड उघडायला लावून वास घेतला.

हाल झाले हो त्यांचे. चहा नाही, खर्रा नाही, तर सकाळचं काम कसं होणार? दोन दिवस ते आत जाऊन बसायचे आणि पेपर वाचून तसेच बाहेर यायचे. हातांना काही सुचत नव्हतं. पन्नी घोटायची सवय, म्हणून त्यांनी ओवा आणि बडीशेप पन्नीत घालून घोटायला घेतली. तरी बोटं थांबेनात. मग तिसऱ्या दिवशी तांदळाच्या पत्र्याच्या कोठीवर ते ठेका धरून बसले. तरुणपणी गावच्या नाटकात हे तबल्यावर असायचे, हे मी विसरूनच गेले होते. टीव्ही बंद, घर शांत आणि कोठीवर धा धिं धिं धा. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. कधी लाटणं त्या ठेक्यावर चालायला लागलं ते कळलं नाही.

सकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर फिरायला जायला लागलो. लग्नाला तीस वर्षं झाली, पण आम्ही दोघं कधी एकत्र चाललो नव्हतो, हे नेहमी दहा पावलं पुढं आणि मी मागून ओरडत. आता काही काम नाही, कुठं पोचायचं नाही, तर बरोबरीनं चालणं आलं. पाण्यावर धुकं असायचं. बाहेरून आलेली बदकं कलकलाट करायची. हे म्हणाले, "किती दुरून येतेत ना हे." मी म्हटलं, "तुमी तं बाजारातून घरी येत नाई टाईमावर." दोघंही हसलो. फार मजा आली त्या दिवसांत, खोटं कशाला बोलू.

फिरून आलं, लिंबूपाणी झालं की मी सांदवाडीत जाऊन दात घासत असे. तोंडात बोट घालून मी जाऊबाईंना सांगायची, "पुरुषाले एकदा लत लागली का सुटत नाई पाहा. मी हाये म्हणून." जाऊबाई तोंडात बोट घालून मान डोलवायच्या.

पाचव्या संध्याकाळी लिहायला बसलो. मी नेहमीसारखं पानभर लिहिलं. बहुतेक सगळं नणंदेबद्दल होतं. यांनी दोन-तीन ओळी लिहिल्या, कागदाची घडी केली, सांदवाडीतल्या पाण्याच्या चुलीत टाकली आणि हात धुवायला गेले. चूल विझत आली होती. घडी एका कोपऱ्याला नुसती काळी झाली आणि तशीच राहिली. दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही, हा नियम मला माहीत होता. पण नियम मी लोकांसाठी करते. मी चिमट्यानं कागद ओढला.

त्यावर लिहिलं होतं, "माहा सुटून राह्यला. तिचा कसा सोडवावा. पोरगी म्हणते तुमी सांगा, मी म्हणतो तू सांग. दोघंही भेतो."

मी ते तीनदा वाचलं आणि तरातरा आत गेले. "हे काय होय?" मी कागद त्यांच्या पुढ्यात धरला. "माहा काय सोडवाचा हाये?"

हात पुसता पुसता हे टॉवेल तसाच धरून उभे राहिले. "तू कायले वाचलं?"

"तुमी कायले लिवलं?"

त्यांनी टॉवेल खुंटीला लावला आणि खाटेवर बसले. मग एकेक शब्द काढत बोलले. लेकीनं आधी त्यांना दुकानात फोन केला होता. मायच्या गुडाखूचं कसं सांगू म्हणून रडत होती. "मी म्हटलं, माहं नाव सांग," हे म्हणाले. "माहा खर्रा तं सुटालेच पायजे होता. वाटलं, माह्या संगं संगं तू बी सोडशील. दोघांनीही करा असं तिनं म्हणूनच सांगतलं होतं. पण तू तं रोज सकारी दगडावर जाऊन बसून राह्यली."

मी तोंडाला येईल ते बोलले. गुडाखू म्हणजे काय खर्रा आहे का, दातच तर घासते, माझी आई घासायची तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शेवटपर्यंत होते, आणि माझ्याच घरात माझ्याच पाठीमागं बाप-लेकीची खलबतं चालतात काय. मी फोन घेतला आणि नागपूरला लावला. नियमाप्रमाणे त्या दिवसाचा मोबाईल होऊन गेला होता, पण नियम गेला खड्ड्यात.

"तुले माह्याशी बोलाले काय झालं होतं?" मी विचारलं. "बापाच्या आडून कायले?"

ती म्हणाली, "माय, बाळाले गुटी कोण देईल?"

"मी देईन. दुसरं कोण देईल?"

"कोणत्या बोटानं?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं.

"लहानपणी तू घास चाराले आली का मी तोंड फिरवत होती," ती म्हणाली. "तू साऱ्यांले सांगायची, माही पोरगी लय नखरेल हाये, मायच्या हातचं नाई खात. नखरा नोहता, माय. तुह्या बोटाले वास येत होता. मले ओकारी येत होती."

"मंग इतके वर्सं सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं एक खेप. सातवीत होती मी. तू तीन दिवस माह्याशी बोलली नाईस."

मला ते आठवेना. आजही आठवत नाही. तीन दिवस मी माझ्या लेकीशी बोलले नाही, ती शाळेत जात असेल, घरी येत असेल, मला विचारत असेल, आणि माझ्या लेखी ते इतकं साधं होतं की लक्षातसुद्धा राहिलं नाही. तिच्या मात्र इतकं लक्षात राहिलं की मोठी झाली, लग्न झालं, पोटात लेकरू आलं, तरी मला एक गोष्ट सांगायला तिला बापाच्या मागं लपावं लागलं. मला लाज वाटली. रागाची मला सवय आहे, लाजेची नाही, त्यामुळे काय करायचं ते सुचेना. मी फोन ठेवला आणि ओट्याजवळ जमिनीवर बसले. हे आले आणि बाजूला बसले. ते म्हणाले, "भात लावू का? दिवस बुडाला." त्यांनीच त्या दिवशी भात लावला. कच्चा राहिला, पण आम्ही खाल्ला.

सकाळी घरातून तीन डब्या निघाल्या. एक नळाजवळच्या कोनाड्यातली, एक डाळीच्या डब्यामागची, एक माझ्या उशीखालची. तिन्ही मी उकिरड्यात पुरल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे दुसऱ्यांना मी कितीदा ऐकवलं होतं. जाऊबाई दगडावर वाट पाहत होत्या. त्यांना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. "मंग मी कोनासंगं बसू?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी कडुनिंबाची काडी घेऊन बसते, तुमी तुमचं घासा, फक्त जरा त्या टोकाला सरका. त्या सरकल्या. चार दिवसांनी त्याच म्हणाल्या, "इतक्या दुरून बोलता नाई येत," आणि डबी घरातच ठेवून आल्या. दुपारची त्यांची चालूच आहे, पण सकाळची बंद झाली.

यांचे सात दिवस पूर्ण झाले तेव्हा माझा दुसरा चालू होता. डोकं असं दुखायचं की कपाळाला ओढणी करकचून बांधून मी घरभर फिरायची. सकाळी आत जाऊन पेपर वाचायची पाळी आता माझी होती. दूधवाल्याला बोलले, मांजरीला बोलले, नळाला पाणी आलं नाही तर नळाला बोलले. यांनी माझा एकही खिसा तपासला नाही. सकाळी लिंबूपाणी करून हातात द्यायचे आणि कोठीवर हलक्या हातानं ठेका धरायचे. एकदा मी म्हटलं, "माहं तोंड हुंगा की, मी तुमचं हुंगत होती." ते म्हणाले, "मले नाई हुंगाचं. तू सांगशील."

आणि सांगावं लागलंच. तिसऱ्या दिवशी कोथिंबीर घ्यायला बाजारात गेले आणि डबी घेऊन आले. कोथिंबीर राहिलीच. भाजीच्या ओट्यांमागं उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन, चोरासारखी घासली. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, आणि ते बरं वाटणं संपायच्या आत एवढं वाईट वाटलं. घरी येऊन मी स्वतःच लेकीला फोन लावला. "आज घासली," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मी घाबरले, पोटुशी पोरगी, हे काय केलं मी. पण ती म्हणाली, "मी रडून नाई राह्यली माय, हसून राह्यली. तू स्वतः सांगून राह्यली ना. मंग उद्या पह्यला दिवस."

माझा पहिला दिवस चारदा आला. चौथ्या वेळी तो टिकला. आठवडा गेला, मग पंधरवडा, आणि एक दिवस भाताचं झाकण उघडलं तर चिन्नोरचा असा वास आला की मी झाकण हातात धरून उभीच राहिले. हा तांदूळ आम्ही वर्षानुवर्षं खातो. मला वाटायचं लोक उगीच त्याच्या वासाचं कौतुक करतात. त्या दिवशी मी यांना दुकानातून बोलावून घेतलं, नुसता वास घ्यायला. ते आले, पातेल्यावर वाकले आणि म्हणाले, "यासाठी बोलावलं? मी तं समजलो घराले आग लागली."

संक्रांतीनंतर जावई लेकीला गाडीत घालून घेऊन आले. आमच्याच घरी, बाळंतपणाला. ती उतरली, पोट हातांनी सावरत दारात उभी राहिली, मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. एवढं सगळं होईपर्यंत मी तिच्याजवळ गेले नव्हते. मला भीती वाटत होती. मी हात किती वेळा धुतले होते ते सांगत नाही.

जेवायला बसले सगळे. जावई, हे, लेक, आणि लेकीला पाहायला आलेल्या जाऊबाई. मी सेमीच्या शेंगा-वांग्याची भाजी, वरण, चिन्नोरचा भात वाढला, तूप घातलं आणि आपली ओट्याला टेकून उभी राहिले. हे जेवायला लागले, जावई लागले. लेकीनं ताटाला हात लावला नाही.

"काऊन?" मी म्हटलं. "भाजी जमली नाई का?"

"बस ना इथं," ती म्हणाली. मी बसले. तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "चारून दे."

जावयासमोर मला कसंतरीच झालं. एवढी मोठी घोडी, आता स्वतःच आई व्हायची. पण नाही म्हणवेना. मी वरण-भात कालवला. कितीतरी वर्षांनी तिला चारत होते, म्हणून घास छोटा झाला, अगदी चिमणीचा. मी तो पुढं नेला. तिनं तोंड फिरवलं नाही. डोळे मिटले, तोंड उघडलं, घास घेतला आणि हळूहळू चावून गिळला. जाऊबाई पदरानं डोळे पुसत होत्या. यांनी जेवण थांबवलं होतं.

मी दुसरा घास कालवायला घेतला.

"मोठा कर ना, माय," ती म्हणाली. "भूक लागली हाये."